ऐकलेला सिनेमा

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला कोणीतरी भगिनीने आपल्या अनुभवातले चार शब्द सांगावेत अशी आपल्या मंडळाची रीत आहे. या वर्षी चिटणीसबाईंनी माझे नाव पुढे केले. मी त्यांना म्हटले, "माझ्यापाशी सांगण्यासारखा अनुभव कुठला? मी परभणीत पोळ्या लाटते, मुलीचा अभ्यास घेते आणि शुक्रवारी मंडळात येते." त्या म्हणाल्या, "मग पोळ्या लाटताना जे सुचते तेच सांगा." तेव्हा त्यांच्या आज्ञेवरून बोलते आहे. विषय मात्र भारदस्त नाही. मी आज सिनेमाविषयी बोलणार आहे, आणि तोही बाहुल्याच्या सिनेमाविषयी.

'झपाटलेला' हे नाव घेतल्याबरोबर पुढच्या रांगेतल्या भगिनी हसल्या, म्हणजे मला फार समजावून सांगायला नको. तरी वडीलधाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. महेश कोठारे यांनी १९८५ साली 'धुमधडाका' काढला, मग 'दे दणादण' १९८७ साली, 'थरथराट' १९८९ साली, 'धडाकेबाज' १९९० साली आणि 'झपाटलेला' १९९३ साली. गोष्टी वेगवेगळ्या, पण आम्हा मुलांच्या लेखी ही एकच माळ होती. माणसे तीच. लक्ष्मीकांत बेर्डे म्हणजे भित्रा, गोड लक्ष्या आणि कोठारे स्वतः शूर महेश. खलनायकांची नावे तर अशी, की शाळेत हजेरीला घ्यावीत! टकल्या हैवान, कवट्या महाकाळ, कुबड्या खवीस आणि या सर्वांचा मुकुटमणी तात्या विंचू. हा तात्या मरता मरता मंत्राच्या बळावर एका बाहुल्यात शिरतो आणि मग त्याला लक्ष्याचे शरीर हवे असते. लक्ष्या बिचारा बोलक्या बाहुल्यांचे खेळ करणारा. एवढी ती गोष्ट.

हे सर्व सिनेमे माझे लहानपणचे लाडके. परंतु भगिनींनो, एक गोष्ट कबूल केली पाहिजे. लहानपणी यातला एकही सिनेमा मी पाहिलेला नव्हता. मी ते ऐकले होते.

आमचे गाव सेलू तालुक्यात. सातवीपर्यंत शाळा, पुढे शिकायचे तर सेलूला. माझा भाऊ माझ्याहून चार वर्षांनी मोठा. १९९४ च्या चैत्रात शेजारच्या गावच्या जत्रेत तंबूचा सिनेमा आला आणि त्यात 'झपाटलेला' लागला. बैलगाडीतून गडीमाणसे आणि मुलगे निघाले. मीही पायात चपला घालून गाडीपाशी उभी राहिले. माझी आजी म्हणाली, "पोरीच्या जातीनं रातच्या खेळाला जात नसतेत." संतांचा सिनेमा असता तर बायका एका गाडीने गेल्या असत्या; पण हा तर भुताचा! माझ्या चपला कोणी काढायला सांगितल्या नाहीत. गाडी गेल्यावर मीच काढल्या.

दुसऱ्या दिवशी दादा उजाडता उजाडता आला आणि दुपारपर्यंत झोपला. संध्याकाळी वीज गेली. आम्ही वट्ट्यावर बसलो आणि मी त्याच्या मागे लागले, "दादा, सांग." तो सुखासुखी सांगणारा नव्हे. पहिल्या रात्रीच्या भागाबद्दल माझे दोन शेंगदाण्याचे लाडू गेले. दुसऱ्या रात्रीसाठी त्याच्या वाटणीचे पाणी मी शेंदले. तिसऱ्या रात्रीचा दर मी सांगत नाही, कारण आईला तो अजून माहीत नाही.

पण सांगितले मात्र त्याने जीव ओतून. त्याने ज्वारीच्या धाटाचे हातपाय केले, कापसाच्या बोंडाचे डोके केले, डोळ्यांच्या जागी दोन गुंजा डकवल्या आणि कंदिलाच्या उजेडात तो तात्या विंचू भिंतीवर नाचवला. आवाज घोगरा काढला. महेश इन्स्पेक्टरसाठी वडिलांचा पटका डोक्याला बांधला. धाटाची बैलगाडी आपण सर्वांनी लहानपणी केलेली आहे. तिची चाके फिरतात तसे या बाहुल्याचे हात फिरत. मी आजीच्या पदरात तोंड खुपसून एका डोळ्याने पाहत होते.

आई एका बाजूला शेंगा फोडीत बसलेली असे. तिने कधी तंबूतला सिनेमा पाहिला नव्हता. दुसऱ्या रात्री तिने मधेच विचारले, "ती बाहुली एवढी गावभर हिंडायलीय, अन् त्या पोराची माय कुठं हाय?" दादा क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "सांगतो की! तेच तर पुढं हाय." आणि त्याने सांगितले ते असे. लक्ष्याची माय रात्री उठते, त्या बाहुल्यावर पदर टाकून त्याला धरते आणि ज्वारीच्या कणगीत कोंडते. वरून जात्याची पाळी ठेवते. रात्रभर तो आतून ठोकत राहतो. माय म्हणते, "ज्वारी खा अन् गप पड." यावर माझी आई इतकी हसली, की तिच्या डोळ्यांत पाणी आले. आईला असे हसताना मी त्याआधी पाहिले नव्हते. आमच्या घरात बायका मोठ्याने हसत नसत.

तो प्रसंग माझ्या मनात कायमचा बसला. पुढे वर्षभर मी कणगीत हात घालून ज्वारी काढली नाही, आईने दोनदा मार दिला तरी.

मग दिवस गेले. माझे लग्न झाले, मी परभणीला आले. घरात रंगीत दूरदर्शन होते आणि 'झपाटलेला' तर त्यावर किती वेळा लागला असेल! परंतु भगिनींनो, सिनेमा सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसून पाहणे हे सुनेच्या नशिबी कितीसे असते, ते आपण जाणता. नायिकेच्या गाण्याला माझी कणीक असे. महेश जाधव 'डॅम इट' म्हणे तेव्हा माझे दूध उतू जाई. मी तो सिनेमा तुकड्यातुकड्यांनी पाहिला आणि मधल्या जागा दादाच्या गोष्टीने भरून काढल्या. त्यामुळे सबंध सिनेमा मला पाठ आहे, अशीच माझी समजूत होती.

यंदा माझी मुलगी दहा वर्षांची झाली. मी गाडीपाशी उभी राहिले होते तेव्हाचेच हे वय. मी ठरवले, की दिवाळीच्या सुटीत तिला ही सगळी माळ दाखवायची, तीही शेजारी बसून आणि एकदाही न उठता. आमच्या 'ह्यां'ना सांगितले, "दोन तास चहा मागायचा नाही." त्यांनी मान डोलावली. मी शेंगदाण्याचे लाडू केले, दिवे मालवले आणि 'झपाटलेला' लावला.

भगिनींनो, माझी मुलगी मुळीच घाबरली नाही. पहिल्या पंधरा मिनिटांत ती म्हणाली, "आई, हे तर कुणीतरी खालून हलवतंय." आताच्या मुलांनी यंत्रावर काढलेले सिंह आणि राक्षस पाहिलेले असतात, त्यांना धाग्यादोऱ्याचे काय कौतुक? मला मात्र राग आला. आपण जपून ठेवलेली पैठणी लेकीला नेसवावी आणि तिने म्हणावे, "ही टोचते," तसे झाले. मी जरा चिडूनच म्हटले, "खालून हलवतात हे खरे, पण कोण हलवतात ते माहीत आहे का?"

तेथे मात्र तिने कान टवकारले. मी तिला सांगितले, की हा बाहुला रामदास पाध्ये यांनी केला. त्यांचे वडील यशवंत पाध्ये हे आपल्या देशात शब्दभ्रमाची कला रुजवणाऱ्यांपैकी पहिले. अर्धवटराव हा बोलका बाहुला वडिलांचा; तो मुलाकडे आला आणि रामदासांची मुलेही तेच काम करतात. तात्याचे काम आणि त्याचा आवाज दिलीप प्रभावळकरांचा. "म्हणजे 'मुन्नाभाई'तले गांधीजी?" ती ओरडली. तेच, म्हटले. एकाच माणसाच्या गळ्यात गांधीजी आणि तात्या विंचू हे दोघेही राहतात, हे तिला भुतापेक्षाही नवलाचे वाटले. मग ती सरकून माझ्याजवळ बसली. कोणी शहाणे सांगतात, की या गोष्टीचे मूळ अमेरिकेतल्या १९८८ सालच्या 'चाइल्ड्स प्ले' या चित्रपटात आहे. असेल. पण तो बाहुला आपल्याकडे येऊन मराठी बोलू लागला आणि त्याला तात्या म्हणू लागले, म्हणजे तो आपल्याच घरचा झाला.

मी मात्र तिला सारखी सांगत होते, "थांब, आता कणगी येईल. खरी गंमत तीच आहे." लक्ष्याची आई पडद्यावर दिसली; मधू कांबीकर यांनी ते काम केले आहे. मी म्हटले, "आता बघ हं." कणगी आली नाही. शेवटी भुवयांच्या मधोमध गोळी लागून तात्या संपला आणि सिनेमाही संपला. मुलीने विचारले, "आई, कणगी?" मी म्हटले, "कापली असेल."

दुसऱ्या दिवशी २०१३ सालचा 'झपाटलेला २' लावला. त्यात लक्ष्या नाही. लक्ष्मीकांत बेर्डे १६ डिसेंबर २००४ रोजी गेले. हे मुलीला सांगताना माझा गळा दाटला, ती म्हणाली, "पण तुला ते कुठं ओळखत होते?" या सिनेमात लक्ष्याचा मुलगा नायक आहे आणि ते काम कोठारे यांच्या मुलाने, आदिनाथने केले आहे. कोठारे स्वतःही १९६३ च्या 'छोटा जवान'मध्ये बालनट होते. तेव्हा हाही वारसाच. पण कणगी याही भागात नाही. मग 'धडाकेबाज' पाहिला. बाटलीतला गंगाराम आला, कणगी नाही. 'दे दणादण'मध्ये लाल रंग दिसताच लक्ष्याची शक्ती गेली. पण कणगी? नाही ती नाहीच.

शेवटी मुलीने हिशेब मांडला. "आई, तू खोटं सांगितलंस."

"मी नाही. मामाने सांगितले होते."

"मग मामाला फोन लाव ना."

येथे, भगिनींनो, मला सिनेमा सोडून दुसरी गोष्ट सांगावी लागेल. त्या दिवशी माझे आणि माझ्या भावाचे बोलणे बंद होऊन तीन वर्षे झाली होती.

वडील गेल्यावर दादा हक्कसोडपत्राचा कागद घेऊन आला. गावाकडे ही रीतच आहे. बहिणीने सही करायची, भावाने साडी घ्यायची आणि माहेर चालू ठेवायचे. माझ्या दोन्ही आत्यांनी अशाच सह्या केल्या. मी म्हटले, "दादा, मला विचार करू दे." विचार करून मी सही केली नाही. सासरची निकड होती असे नाही. पण मला मुलगी आहे. तिला उद्या मी काय सांगणार, की तुझा हक्क कायद्यात आहे पण आईच्या हातात पेन आले तेव्हा आईने तो सोडून दिला? आपल्या मंडळात वकीलबाईंचे व्याख्यान झाले होते, ते माझ्या ध्यानात होते. महाराष्ट्रात २२ जून १९९४ पासून अविवाहित मुलींना वडिलार्जित मालमत्तेत मुलाइतकाच जन्मतः हक्क मिळाला. साऱ्या देशात ९ सप्टेंबर २००५ पासून सर्व मुलींना मिळाला. वडील त्या तारखेला हयात असोत वा नसोत, मुलीचा हक्क कायम, हे ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. म्हणजे ज्या वर्षी मला गाडीत जागा मिळाली नाही, त्याच वर्षी मला शेतात जागा मिळाली होती आणि आमच्या घरात हे कोणालाच ठाऊक नव्हते!

दादा त्या दिवशी चहा न घेता गेला. पुढे भाऊबीज नाही, राखी नाही. आई त्याच्याकडे, तिला भेटायला गेले तर तो शेतात निघून जाई. मुलीला मामाचा चेहरा आठवतो, आवाज आठवत नाही. मी सही न केल्याचा पश्चात्ताप मला कधी झाला नाही, परंतु संध्याकाळी वीज गेली की वट्टा आठवे.

मी म्हटले, "मामा कामात असेल." मुलीने माझा फोन उचलला आणि स्वतःच लावला. मी हातातून काढून घेतला नाही. घंटा वाजत राहिली. मग पलीकडून आवाज आला, "हं, बोल." त्याला वाटले मीच आहे. मुलीने एकदम विचारले, "मामा, तात्या विंचूला कणगीत कुणी कोंडलं?"

बराच वेळ काही ऐकू आले नाही. मला वाटले, फोन ठेवला. मग तोच घोगरा आवाज आला, तीस वर्षांपूर्वीचा: "तुझ्या आज्जीनं!"

मुलगी हसली, आणि मी चुलीपाशी, म्हणजे आताच्या गॅसपाशी, पाठ करून उभी राहिले. तिने फोन माझ्या कानाला लावला. दादा म्हणाला, "चिमे, आज सांगतो. मी त्या रातीला तंबूत निम्म्यातच झोपलो होतो. दिवसभर जत्रेत हिंडून थकलो होतो. बापूनं तिकिटाला पैसे दिलते, झोपलो कसं म्हणून सांगू? अर्धा पिच्चर मी पाहिला अन् अर्धा केला. मायनं विचारलं तवा तर काहीच सुचंना, म्हणून कणगी आणली."

मी म्हटले, "दादा, तुझाच भाग बरा होता."

तो म्हणाला, "मंग! लाडू घेतलते ना."

भगिनींनो, त्या दिवशी फोनवर जमिनीचा विषय निघाला नाही. पण तो संपला असे समजू नका. आठ दिवसांनी भाऊबीजेला दादा आला आणि जेवण झाल्यावर त्याने विषय काढला. आम्ही भांडलो. आवाज चढले. त्याचे म्हणणे असे, की बापूंच्या आजारपणात त्याने कर्ज काढले, शेतात राबला तो, मग वाटा सारखा कसा? हे म्हणणे अगदीच खोटे नाही, आणि मी ते तीन वर्षांत प्रथमच पुरते ऐकले. माझे म्हणणे असे, की कर्जाचा हिशेब मांडू, त्यातला माझा वाटा मी उचलीन, पण नाव सात-बारावर लागेल. त्याने अजून होकार दिलेला नाही. मी अजून सही केलेली नाही आणि करणार नाही. मात्र या वेळी तो चहा घेऊन गेला, आणि जाताना आईला आठ दिवस माझ्याकडे ठेवून गेला.

तेव्हा आईला मी 'झपाटलेला' दाखवला. ती आता ऐंशीच्या घरात आहे. मुलीने तिला चष्मा लावून दिला आणि ऐकू कमी येते म्हणून सगळे कानात सांगितले. आईने आयुष्यात पहिल्यांदा तो सिनेमा सबंध पाहिला. संपल्यावर तिने विचारले, "अन् कणगी?"

मुलगी म्हणाली, "आज्जी, ती सिनेमात नाही. मामानं केली होती."

आई म्हणाली, "मग काय उपेग त्या सिनेमाचा? माझ्या लेकाचाच बरा."

मी मुलीला माझ्या लहानपणचा सिनेमा दाखवायला बसले होते. तो तिला फारसा आवडला नाही. पण परवा तिने आईस्क्रीमच्या काड्या आणि कापूस घेऊन एक बाहुला केला आणि शेजारच्या मुलांना गोष्ट सांगत बसली. मी दाराआडून ऐकले. तिच्या गोष्टीत कणगी नव्हती. तिने कणगी पाहिली आहे कुठे? तिच्या तात्या विंचूला आज्जीने फ्रीजमध्ये कोंडले होते.

शेवटी एवढेच सांगते. आपल्यापैकी कित्येक जणींच्या पुढे असा कागद आलेला असेल किंवा येईल. 'सही कर, नाहीतर माहेर तुटेल,' असे आपल्याला सांगितले जाते, आणि आपण भिऊन सही करतो. किंवा सही करत नाही आणि माहेर तुटलेच असे धरून फोन करणे सोडतो. मी दुसरी चूक तीन वर्षे केली. भांडण भांडणाच्या जागी असू द्यावे, हिशेब कागदावर मांडावा, वकीलबाईंना विचारावे. पण फोन लावावा. निमित्त कसलेही चालते. मला एका बाहुल्याचे चालले, आणि तेही माझ्या मुलीला सुचले.